विश्लेषण : कंपनीला जाब विचारणारा आणि क्रांतीला भिणारा एडमंड बर्क कोण होता?

ब्रिटनच्या हुजूर पक्षाच्या नेत्या केमी बेडनॉक यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये एक घोषणा केली. आपला पक्ष सत्तेवर आल्यास २००८ चा हवामान बदल कायदा रद्द करू, असे त्यांनी जाहीर केले. त्यावर टीका करणाऱ्यांत त्यांच्याच पक्षाच्या माजी पंतप्रधान थेरेसा मे होत्या. २०५० पर्यंत कर्ब उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचे बंधन २०१९ मध्ये कायद्यात घातले गेले, ते मे यांच्याच कारकीर्दीत. पक्ष एक, विचारपरंपराही एकच, पण निष्कर्ष परस्परविरोधी. हे कोडे उलगडायचे, तर या परंपरेचा मूळपुरुष मानल्या जाणाऱ्या एडमंड बर्कपर्यंत मागे जावे लागते. त्याच्या आयुष्यातही असेच कोडे होते आणि त्याचा एक धागा थेट पुण्याच्या पेशवाईपर्यंत येतो.

हुजूर पक्षाचा नसलेला मूळपुरुष?

बर्क हुजूर पक्षाचा कधीच नव्हता. तो आयुष्यभर व्हिग, म्हणजे राजाच्या अधिकाराला पार्लमेंटने वेसण घालावी असे मानणाऱ्या गोटातला. पुराणमतवादी हे पक्षाचे नाव म्हणून रुळले ते त्याच्या मृत्यूनंतर तीसेक वर्षांनी. तो इंग्रजही नव्हता. जन्म डब्लिनचा, १७२९ चा. वडील प्रॉटेस्टंट वकील, आई कॅथलिक. त्या काळी आयर्लंडमध्ये कॅथलिकांना मत देता येत नसे, पार्लमेंटमध्ये बसता येत नसे, जमीनजुमल्याच्या हक्कांवरही कडक निर्बंध होते. कायदा माणसाला त्याच्याच देशात परका कसा करतो, हे बर्कने आईच्या माहेरी पाहिले. त्याचे शालेय शिक्षण क्वेकर पंथीयांच्या शाळेत झाले, पुढचे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात.

१७५० मध्ये तो वकिलीच्या अभ्यासासाठी लंडनला गेला. अभ्यास अर्धवट सुटला, लेखन सुरू झाले. भव्य आणि सुंदर यांच्या अनुभवातला फरक उलगडणारा त्याचा प्रबंध १७५७ मध्ये आला आणि युरोपभर वाचला गेला. त्याच वर्षी त्याने जेन न्यूजंटशी लग्न केले. डॉ. सॅम्युअल जॉन्सन, चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्स यांच्या बैठकीत त्याची ऊठबस सुरू झाली. पण पोट भरायला आणि पार्लमेंटमध्ये जायला तेवढे पुरत नव्हते. १७६५ मध्ये रॉकिंगहॅमचा मार्क्विस पंतप्रधान झाला, त्याने बर्कला खासगी सचिव नेमले आणि त्याच वर्षअखेरीस बर्क खासदारही झाला. जागा होती वेंडोव्हरची, म्हणजे मूठभर मतदारांची आणि एका धनिकाच्या खिशातली. लोकप्रतिनिधी कसा असावा यावर पुढे जगाने ज्याचे ऐकले, त्याची सुरुवात अशी झाली.

अमेरिकेची बाजू का घेतली?

तेरा अमेरिकी वसाहतींवर लंडनमधून कर लादण्याचा प्रयत्न १७६५ च्या मुद्रांक कायद्यापासून सुरू झाला होता. रॉकिंगहॅमच्या सरकारने तो कायदा वर्षभरात मागे घेतला. पण सोबतच, वसाहतींसाठी कोणताही कायदा करण्याचा पार्लमेंटला हक्क आहे, असे जाहीर करणारा दुसरा कायदाही करून टाकला. बर्क या दोन्हींच्या बाजूने होता. हक्क असणे वेगळे आणि तो बजावणे शहाणपणाचे असणे वेगळे, अशी त्याची धारणा होती.

मार्च १७७५ मध्ये, युद्धाला तोंड फुटण्याच्या काही आठवडे आधी, त्याने वसाहतींशी समेट करण्याचा प्रस्ताव मांडला. पार्लमेंटला कर लावण्याचा कायदेशीर हक्क आहे की नाही, हा काथ्याकूट त्याने बाजूला ठेवला. तिकडची माणसे इंग्रजी स्वातंत्र्याची सवय घेऊन गेली आहेत, पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या विधानसभाच कर ठरवत आल्या आहेत. ही रुजलेली व्यवस्था लंडनने एका फटक्यात उपटली, तर महसूलही मिळणार नाही आणि साम्राज्यही राहणार नाही, हे त्याचे म्हणणे. बळाने एकदा दबवलेल्यांना पुन्हा पुन्हा दबवावे लागते, हाही इशारा त्यात होता. प्रस्ताव फेटाळला गेला. ब्रिटनने पुढे १३ वसाहती गमावल्या.

बर्क न्यूयॉर्कच्या विधानसभेचा लंडनमधला पगारी प्रतिनिधी होता, हे त्याच्या विरोधकांनी विसरू दिले नाही. आक्षेप रास्तच होता. मात्र, अमेरिकेची बाजू त्याने पगार सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून घेतली होती, हेही तितकेच खरे.

याच भाषणातला बळाबद्दलचा उतारा १७१ वर्षांनी दिल्लीत वाचला गेला. १७ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत उद्दिष्टांच्या ठरावावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तो उद्धृत केला. मुस्लीम लीग सभेवर बहिष्कार टाकून होती. हिंदू-मुस्लीम प्रश्न बळाने सोडवता येईल असे कुणाच्या मनात असेल तर त्याने बर्क ऐकावा, हा आंबेडकरांचा रोख होता. इंग्रजांच्या साम्राज्याला इंग्रजांच्याच पार्लमेंटमध्ये दिलेला इशारा भारतीय राज्यघटनेच्या पायाभरणीत असा कामी आला.

मतदारांचा निरोप्या की प्रतिनिधी?

१७७४ मध्ये बर्क ब्रिस्टलमधून निवडून आला. हे त्या वेळचे मोठे व्यापारी बंदर होते. त्याच्या जोडीने निवडून आलेल्या खासदाराने, मतदार सांगतील तसे वागू, अशी ग्वाही दिली. बर्कने निकालाच्या दिवशीच उलट सांगितले. मतदारांच्या हितासाठी खासदाराने आपली झोप आणि सुख सोडावे, पण स्वतःची विवेकबुद्धी त्यांच्यापुढे गहाण टाकू नये. पार्लमेंट ही वेगवेगळ्या गावांच्या वकिलांची बैठक नसून एका राष्ट्राची विचारसभा आहे, अशी त्याची भूमिका होती.

राज्यशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात ही भूमिका येते. तिची किंमत क्वचित सांगितली जाते. आयर्लंडच्या व्यापारावरची बंधने सैल करायला बर्कने पाठिंबा दिला. ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांना ती स्पर्धा नको होती. कॅथलिकांवरची काही बंधने उठवायलाही त्याने साथ दिली, तीही तिथल्या बहुसंख्य प्रॉटेस्टंटांना रुचली नाही. शिवाय सहा वर्षांत तो मतदारसंघात फिरकला अगदी मोजक्या वेळा. १७८० मध्ये पराभव समोर दिसताच त्याने माघार घेतली आणि रॉकिंगहॅमच्या खिशातल्या मॉल्टनच्या सुरक्षित जागेवरून तो पुन्हा खासदार झाला. विवेकबुद्धीने वागणाऱ्या खासदाराला मतदार घरी पाठवतात आणि मग एखादा सरदार त्याला आसरा देतो, ही बर्कच्या सिद्धांताची अडचण आहे. ती त्याने कधी नीट सोडवली नाही.

भारतात १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. पक्षादेश झुगारून मत देणाऱ्या सदस्याचे पद त्याने जाऊ शकते. घोडेबाजार रोखायला ते हवे होते, पण बर्कच्या कल्पनेतला खासदार त्यात बसत नाही. गंमत अशी, की राजकीय पक्ष म्हणजे स्वार्थी टोळ्या, असा समज असलेल्या काळात पक्षांचे सर्वात समर्थ समर्थन १७७० मध्ये लिहिले ते बर्कनेच. पण त्याचा पक्ष तत्त्वावर एकत्र आलेल्यांचा होता, आदेशावर चालणाऱ्यांचा नव्हता.

काचघरातले मराठी पाहुणे

१७७३ मध्ये पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि गादीसाठी राघोबादादा १७७५ मध्ये सुरतेच्या तहाने मुंबईच्या इंग्रजांच्या आश्रयाला गेले. त्यातून पहिले इंग्रज-मराठा युद्ध पेटले. १७७९ च्या जानेवारीत वडगावला मराठ्यांनी कंपनीच्या फौजेला शरण आणले, हे मराठी वाचकाला ठाऊक असते. राघोबांनी त्यानंतर थेट लंडनला वकील पाठवले, हे तितकेसे ठाऊक नसते.

हनुमंतराव नावाचा ब्राह्मण आणि त्याच्यासोबत मणियार हा पारशी व त्याचा मुलगा १७८१ मध्ये लंडनला पोहोचले. तिथे त्यांची आबाळ झाली. सोवळ्यात स्वयंपाक करायला जागा नाही, स्नानसंध्येची सोय नाही, त्यात इंग्लंडची हवा. बर्कला हे कळले तेव्हा त्याने तिघांना आपल्या बीकन्सफील्डच्या घरी नेले. बागेतले काचघर त्यांना मोकळे करून दिले. तिथे ते आपल्या हाताने अन्न शिजवत, आपले विधी करत. नंतर बर्कने राघोबांना पत्र लिहिले. तुमच्या वकिलांना सुरुवातीला जो त्रास झाला तो या देशाच्या दुष्टाव्याने नव्हे तर अज्ञानाने झाला, अशी त्यात दिलगिरी होती.

ज्या राघोबांना रामशास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सुनावल्याची कथा महाराष्ट्र सांगतो, त्यांच्या वकिलांचा पाहुणचार बर्कने करावा, हा इतिहासाचा विनोद. पण या प्रसंगात बर्कचा पिंड दिसतो. परक्या माणसाचे आचार त्याला हसण्याजोगे वाटले नाहीत. ते शतकानुशतके चालत आले आहेत, एवढेच त्यांचा मान राखायला त्याला पुरेसे होते.

हेस्टिंग्जवर महाभियोग कशासाठी?

त्याच वर्षी बर्क बंगालच्या कारभाराची चौकशी करणाऱ्या पार्लमेंटच्या समितीवर गेला. तो भारतात कधीच आला नाही. पण कंपनीची कागदपत्रे, हिशेब, पत्रव्यवहार त्याने वर्षानुवर्षे उपसला. कलकत्त्यात हेस्टिंग्जशी पिस्तुलाचे द्वंद्व खेळून जखमी झालेला फिलिप फ्रान्सिस १७८१ मध्ये परतला, तोही माहिती पुरवू लागला. बर्कचा हेतू निखळ होता का? त्याच्या घरात राहणारा आणि भाऊ म्हणून ओळखला जाणारा विल्यम बर्क कंपनीच्या शेअरच्या सट्ट्यात बुडाला होता आणि पुढे तंजावरच्या राजाचा हस्तक झाला होता. तंजावरच्या त्या गादीवर शहाजीराजांच्या वंशातले भोसले होते. अर्काटचा नवाब आणि त्याचे इंग्रज सावकार तंजावरवर डोळा ठेवून होते. बर्क या सावकारांवर तुटून पडला तेव्हा विल्यमचा पगार त्याच्या विरोधकांना आठवणे स्वाभाविक होते. तरीही केवळ हितसंबंधासाठी कुणी आयुष्याची चौदा वर्षे एका हरणाऱ्या खटल्याला देत नाही.

१७८३ मध्ये कंपनीचा कारभार पार्लमेंटने नेमलेल्या सात आयुक्तांकडे देण्याचे विधेयक चार्ल्स जेम्स फॉक्सने मांडले, त्यामागे बर्कची बुद्धी होती. कॉमन्समध्ये ते मंजूर झाले. मग राजा तिसऱ्या जॉर्जने, याला मत देईल तो माझा शत्रू, असा निरोप उमरावांपर्यंत पोहोचवला. विधेयक पडले आणि सरकारही गेले. राहिला मार्ग महाभियोगाचा.

वॉरन हेस्टिंग्ज १७८५ मध्ये इंग्लंडला परतला. पुढच्या वर्षी बर्कने आरोप मांडले. काशीच्या चेतसिंह राजाकडे युद्धखर्चासाठी ठरल्यापेक्षा दरसाल पाच लाख रुपये जादा मागितले, पुढे ५० लाखांचा दंड ठोठावायचे ठरवले आणि त्याला त्याच्याच राजधानीत अटक केली. अवधच्या बेगमांचा खजिना त्यांच्या सेवकांना कैदेत टाकून काढून घेतला. नजराणे घेतले, कंत्राटे मर्जीतल्यांना दिली. मराठ्यांशी झालेले युद्ध आणि तह यावरही एक स्वतंत्र आरोप मूळ यादीत होता. चेतसिंहाकडून पैसा पिळायची निकड ज्या युद्धांमुळे आली, त्यात तेही होतेच.

१३ फेब्रुवारी १७८८ रोजी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये उमरावांपुढे खटला उभा राहिला. पहिल्या काही दिवसांची तिकिटे मिळवायला लंडनचे बडे लोक धडपडत होते. बर्कचे प्रास्ताविक भाषण चार दिवस चालले. हेस्टिंग्जचा बचाव साधारण असा होता, की पूर्वेकडे राज्य हुकमतीनेच चालते, त्याने तिथल्या रिवाजाप्रमाणे केले. बर्कचा घाव नेमका इथे होता. नीती अक्षांश-रेखांशाप्रमाणे बदलत नाही, असे त्याने बजावले. हिंदूंना त्यांची धर्मशास्त्रे आहेत, मुसलमानांना शरियत आहे आणि या कायद्यांनी राजालाही बांधले आहे. मनमानी सत्ता कंपनीकडे नव्हती, राजाकडे नव्हती, पार्लमेंटकडेही नव्हती, मग ती हेस्टिंग्जला देणार कोण? राज्य करण्याचा अधिकार ही ठेव आहे आणि ठेव ज्याच्यासाठी ठेवली त्याला तिचा हिशेब द्यावा लागतो, या एका सूत्रावर सगळा खटला उभा होता.

खटला मात्र रेंगाळला. सात वर्षांत उमराव केवळ दीडशेच्या आसपास दिवस बसले. प्रेक्षक पांगले, विनोद होऊ लागले. बर्कची जीभही सुटत असे. नंदकुमाराला १७७५ मध्ये कलकत्त्यात फाशी झाली होती, तो हेस्टिंग्जने केलेला खूनच, असे तो बोलून गेला. त्याबद्दल १७८९ मध्ये खुद्द कॉमन्सने त्याला ठपका दिला. २३ एप्रिल १७९५ रोजी हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. कंपनीने त्याला वर्षाला चार हजार पौंडांची तनखा बांधून दिली.

या खटल्याचा एक परिणाम लंडनमध्ये नव्हे तर फिलाडेल्फियात झाला. ८ सप्टेंबर १७८७ रोजी अमेरिकेची घटना लिहिली जात असताना जॉर्ज मेसनने हेस्टिंग्जचेच उदाहरण दिले. महाभियोग फक्त देशद्रोह आणि लाचखोरीपुरता ठेवला तर असे लोक सुटतील, हा त्याचा मुद्दा. त्या चर्चेतून गंभीर गुन्हे आणि गैरवर्तन हा व्यापक शब्दप्रयोग अमेरिकेच्या घटनेत आला. तिथल्या अध्यक्षांवर आजवर झालेले महाभियोग त्याच कलमाभोवती लढले गेले.

मग फ्रेंच क्रांतीला विरोध का?

जुलै १७८९ मध्ये बास्तीय पडले तेव्हा फॉक्ससह बर्कचे बहुतेक मित्र हरखले. अमेरिकनांचा, कॅथलिकांचा, भारतीयांचा हा कैवारी आपल्याबरोबर असेल, असे त्यांनी गृहीत धरले होते. १ नोव्हेंबर १७९० रोजी त्याचे ‘फ्रान्समधील राज्यक्रांतीविषयी चिंतन’ प्रसिद्ध झाले आणि सगळे चकित झाले. एका फ्रेंच तरुणाला लिहिलेल्या पत्राच्या रूपातले हे पुस्तक. वर्षभरात त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या.

बर्कने बाजू बदलली, असे तेव्हाही म्हटले गेले आणि आजही म्हटले जाते. ते पूर्ण खरे नाही. त्याच्या मते पॅरिसची राष्ट्रीय सभा आणि कलकत्त्याची कंपनी यांत एक साम्य होते. दोघींनीही पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या संस्था, हक्क आणि मालमत्ता आपल्या मर्जीने मोडीत काढल्या. एकीने नफ्यासाठी, दुसरीने तत्त्वासाठी. कोऱ्या कागदावर राज्य आखणारे लोक, आराखडा आणि माणसे जुळली नाहीत की माणसे कापू लागतात, ही त्याची भीती होती. जुन्या सत्तेचा धाक गेला की गोंधळातून एखादा लोकप्रिय सेनापती सगळे हाती घेईल, हे भाकीत त्याने १७९० मध्येच केले. राजाचा शिरच्छेद झाला तो १७९३ मध्ये, दहशतीचे राज्य त्याच वर्षी सुरू झाले आणि नेपोलियनने सत्ता घेतली १७९९ मध्ये. ते पाहायला बर्क नव्हता.

पण भाकीत खरे ठरले म्हणून निदान पूर्ण ठरत नाही. राणी मारी आंत्वानेतसाठी त्याने पानेच्या पाने अश्रू ढाळले, मात्र पावासाठी व्हर्सायपर्यंत चालत गेलेल्या बायकांच्या भुकेवर त्याच्याकडे सांगण्यासारखे फारसे नव्हते. सामान्य जमावाबद्दल त्याच्या लेखणीतून उतरलेला एक तुच्छतेचा शब्द इंग्लंडच्या कारागिरांनी त्याला कधीच माफ केला नाही. मेरी वोलस्टनक्राफ्टने महिन्याभरातच त्याला उत्तर दिले. १७९१ मध्ये टॉमस पेनने ‘मानवाचे हक्क’ लिहिले. मेलेल्या पिढ्यांनी जिवंतांवर राज्य का करावे, हा पेनचा प्रश्न आजही तितकाच टोकदार आहे.

मे १७९१ मध्ये कॉमन्समध्ये चर्चा सुरू असताना बर्कने फॉक्सशी असलेली पंचवीसेक वर्षांची मैत्री जाहीरपणे संपवली. फॉक्स सभागृहातच रडला. दोघांचे नंतर कधी जुळले नाही.

हवामानाच्या वादात त्याचे काय काम?

समाज म्हणजे केवळ हयात असलेल्यांचा करार नाही, तर गेलेले, जगत असलेले आणि जन्मायचे असलेले या सर्वांची ती भागीदारी आहे, ही या पुस्तकातली मध्यवर्ती कल्पना. आजची पिढी मालक नाही, हयातीपुरती कूळ आहे. घर पाडून, झाडे तोडून पुढच्यांना उजाड वाडा देण्याचा तिला अधिकार नाही. बर्कने हे राज्यव्यवस्थेबद्दल लिहिले होते. पण १९८८ मध्ये मार्गारेट थॅचर यांनी हुजूर पक्षाच्या अधिवेशनात पृथ्वीबद्दल बोलताना जवळजवळ तीच उपमा वापरली, की कोणत्याही पिढीकडे पृथ्वीची मालकी नाही, फक्त हयातीचा भाडेपट्टा आहे आणि त्यात दुरुस्तीची पूर्ण जबाबदारी आहे. हवामान बदलावर इतक्या लवकर बोलणाऱ्या बड्या राष्ट्रप्रमुखांत त्या होत्या, हे आज त्यांच्या चाहत्यांनाही आठवत नाही.

दुसरी बाजूही बर्कमधूनच निघते. दूरच्या तज्ज्ञांनी आखलेल्या सर्वंकष योजनांवर अविश्वास, गणिती आराखड्यापेक्षा स्थानिक अनुभवावर भिस्त, एका झटक्यात सगळे बदलण्याची धास्ती. ब्रिटिश तत्त्वज्ञ रॉजर स्क्रूटन यांनी २०१२ च्या आपल्या पुस्तकात हे दोन्ही धागे बांधण्याचा प्रयत्न केला. निसर्ग राखायचा तो आंतरराष्ट्रीय करारांनी नव्हे तर आपल्या घराच्या, गावाच्या ओढीने, अशी त्यांची मांडणी. हवेतला कर्ब गावाच्या वेशीवर थांबत नाही, ही तिच्यातली अडचण. खुद्द थॅचर यांनी २००२ च्या पुस्तकात हवामानाच्या नावाने चाललेल्या आंतरराष्ट्रीय योजनांवर शंका घेतली. त्यामुळे बेडनॉक आणि मे या दोघी एकाच पुस्तकाची वेगवेगळी पाने उघडून बसल्या आहेत, असे म्हणता येते. मात्र एक फरक आहे. बर्कला सावध बदल हवा होता आणि जे पुन्हा उभारता येत नाही ते मोडण्याची त्याला सर्वाधिक धास्ती होती. वितळलेली हिमनदी कायदा करून परत आणता येत नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही असाच पेच आहे. गर्भपाताच्या हक्काचा १९७३ चा निवाडा २०२२ मध्ये रद्द करताना बहुमतातल्या न्यायमूर्तींनी इतिहास आणि परंपरेचा आधार घेतला. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स हेही पुराणमतवादीच, पण एवढी मोठी उडी एकदम नको, असे त्यांचे स्वतंत्र मत होते. अर्धशतक रुजलेला निवाडा हीच परंपरा की त्याआधीचा इतिहास ही परंपरा, याचे उत्तर बर्कच्या पुस्तकात तयार मिळत नाही.

भारतात त्याला कुणी वाचले?

विसाव्या शतकाच्या आरंभी फिरोजशहा मेहता, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, गोपाळ कृष्ण गोखले या मवाळ पिढीने बर्क मनापासून वाचला. इंग्रजांना त्यांच्याच शब्दांत जाब विचारण्याची सोय त्यात होती. लॉर्ड कर्झनच्या कारभाराचे माप त्यांनी हेस्टिंग्जच्या खटल्याच्या तराजूने काढले, तर नवल नाही. आंबेडकरांनी ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये, धर्म हा समाजाचा पाया असल्याच्या बर्कच्या मताशी सहमती दाखवली, पण ती जातीचा आधार असलेली धर्मव्यवस्था मोडून तत्त्वांचा धर्म आणावा हे सांगताना. परंपरेचा इतका मान राखणाऱ्या लेखकाचा असा उपयोग करणे आंबेडकरांनाच जमले असते. जी परंपरा माणसाला माणूस मानत नाही तिचे काय, हा प्रश्न बर्कने आयर्लंडच्या कॅथलिकांपुरता विचारला होता. त्यापुढे तो गेला नाही.

अखेर कशी झाली?

१७९४ च्या उन्हाळ्यात बर्कने खटल्याचे समारोपाचे भाषण केले आणि खासदारकी सोडली. मॉल्टनची जागा एकुलत्या मुलाला, रिचर्डला मिळाली. ऑगस्टच्या सुरुवातीलाच रिचर्ड क्षयाने गेला. बर्क त्यातून सावरला नाही. बीकन्सफील्डची मालमत्ता त्याने १७६८ मध्ये कर्ज काढून घेतली होती, ते कर्ज आयुष्यभर फिटले नाही. सरकारने निवृत्तिवेतन दिले तेव्हा बेडफर्डच्या तरुण ड्यूकने उमराव सभेत त्यावर टीका केली. ज्याने उमरावांच्या वारसाहक्काची ढाल केली, त्यालाच उमरावाने हिशेब विचारावा, हे बर्कला झोंबले. त्याचे उत्तर १७९६ मध्ये आले. आपण जे मिळवले ते राबून मिळवले, ड्यूकच्या घराण्याला मात्र आठव्या हेन्रीने मठांच्या लुटीतून जमिनी दिल्या, याची आठवण त्यात होती.

९ जुलै १७९७ रोजी तो बीकन्सफील्डला वारला आणि तिथल्या चर्चमध्ये मुलाशेजारी त्याचे दफन झाले. ज्या घरी राघोबांचे वकील राहिले होते ते घर १८१३ मध्ये जळून गेले. त्याच वर्षी कंपनीच्या सनदेच्या नूतनीकरणासाठी साक्ष द्यायला ऐंशीच्या घरातला वॉरन हेस्टिंग्ज कॉमन्समध्ये आला, तेव्हा सभागृहातले खासदार टोप्या काढून उभे राहिले.